नागीण, संसर्ग आणि म्हातारी होणारी प्रतिकारशक्ती

कांजिण्यांच्या खपल्या गळून पडल्या आणि मूल पुन्हा शाळेत जाऊ लागले, की आजार संपला असे घरात धरले जाते. प्रत्यक्षात हा आजार घडवणारा व्हॅरिसेला झोस्टर विषाणू शरीर सोडून कधीच जात नाही. त्वचेतून संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटेने तो मेरुरज्जूलगतच्या गुच्छिकांमध्ये, म्हणजे संवेदी मज्जापेशींच्या लहान पुंजक्यांमध्ये, जाऊन बसतो आणि तेथे पन्नास-साठ वर्षेसुद्धा निद्रिस्त राहू शकतो. त्याला तेथे दाबून ठेवण्याचे काम मुख्यतः टी पेशी करतात. विषाणूने ग्रासलेली पेशी ओळखून ती नष्ट करणाऱ्या किंवा इतर संरक्षक पेशींना कामाला लावणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा हा एक वर्ग आहे. हा पहारा सैल पडला, की विषाणू पुन्हा वाढू लागतो, मज्जातंतूतून उलट दिशेने त्वचेकडे येतो आणि त्या तंतूच्या हद्दीपुरते, शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे पुरळ उठते. यालाच मराठी माणूस नागीण म्हणतो.

कांजिण्या आणि नागीण यांच्यातले हे नाते नीट मांडणारा माणूस कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेतला नव्हता. इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर या लहान गावात व्यवसाय करणारे एडगर होप-सिम्पसन हे साधे कुटुंबवैद्य होते. आपल्याकडे येणाऱ्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद त्यांनी सोळा वर्षे ठेवली आणि 1965 मध्ये असे प्रतिपादन केले, की नागीण बाहेरून लागत नाही, तर जुना विषाणूच आतून उठतो, आणि वयाबरोबर तिचे प्रमाण वाढते ते प्रतिकारशक्ती ओसरत गेल्यामुळे. पुढे 1984 मध्ये एकाच रुग्णाच्या कांजिण्यांतून आणि नंतरच्या नागिणीतून मिळवलेल्या विषाणूंचा डीएनए तपासला गेला, तो सारखाच निघाला, आणि त्यांच्या तर्काला प्रयोगशाळेचा आधार मिळाला. आज अमेरिकेत तीनपैकी जवळपास एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी नागीण होते, असा अंदाज तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणा देते, आणि पन्नाशीनंतर हा धोका झपाट्याने चढत जातो.

पहारा सैल का पडतो, या प्रश्नाचे उत्तर पेशींच्या वार्धक्यात आहे. छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस किंवा यौवनलोपी ग्रंथीत टी पेशी परिपक्व होतात. ही ग्रंथी बालपणानंतर आक्रसत जाते, तिच्या जागी मेद साचतो आणि साठीपर्यंत तिचे उत्पादन अगदी नाममात्र उरते. नवा भरणा असा आटल्यामुळे शरीराला आधीपासून असलेल्या पेशींनाच पुनःपुन्हा विभाजित करून काम भागवावे लागते, आणि विभाजनाला तर मर्यादा असते. लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी 1961 मध्ये फिलाडेल्फियात दाखवून दिले, की काचपात्रात वाढवलेल्या मानवी पेशी साधारण पन्नास वेळा विभाजित होऊन थांबतात. या थांबण्यामागचे एक मुख्य कारण म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांना असलेले टेलोमियर, म्हणजे डीएनएचे ठरावीक तुकडे एकापुढे एक येऊन बनलेले संरक्षक आवरण, प्रत्येक विभाजनागणिक थोडे आखूड होते आणि फार आखूड झाले की पेशी विभाजन बंद करते. ते पुन्हा वाढवणाऱ्या टेलोमरेज या वितंचकाच्या आणि टेलोमियरच्या संशोधनासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना 2009 चे नोबेल पारितोषिक मिळाले. टी पेशी उद्दीपित झाल्यावर हे वितंचक काही प्रमाणात वापरू शकतात, पण वारंवारच्या उद्दीपनानंतर ती क्षमताही घटते. थांबलेली पेशी निमूटपणे बसून राहिली असती तर फारसे बिघडले नसते. पण अशा पेशींपैकी बऱ्याच दाह वाढवणारी रसायने सतत स्रवत राहतात, आणि त्यातून वृद्ध शरीरात जो मंद, कायमस्वरूपी दाह मुरतो, त्याने शेजारच्या निरोगी पेशींचे कामही बिघडते.

येथपर्यंतची मांडणी एकाच दिशेची आहे: वय वाढते, प्रतिकारशक्ती घटते, संसर्ग उफाळतो. उलट दिशाही तितकीच खरी आहे, आणि ती मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. नागिणीच्याच कुळातला सायटोमेगॅलो विषाणू भारतातील बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात लहानपणापासून मुक्कामाला असतो आणि निरोगी माणसाला त्याची जाणीवही होत नाही. परंतु त्याला आवरण्यासाठी टी पेशींचा एक मोठा हिस्सा आयुष्यभर गुंतून पडतो, या एकाच शत्रूला ओळखणाऱ्या, थकत चाललेल्या पेशींची संख्या वयाबरोबर फुगत जाते, आणि वृद्धांच्या रक्तात दिसणारे प्रतिकारशक्तीचे बरेचसे बदल केवळ वयाचे मानावे की वयासोबत या विषाणूचेही, हे ठरवणे अवघड होऊन बसते. पेशींच्या पातळीवर संसर्गाची किंमत किती नेमकी मोजता येते, याचे एक देखणे उदाहरण स्वीडनमधील क्विस्मारेन सरोवराकाठच्या बोरूच्या बनांतून आले. तेथील ग्रेट रीड वॉर्बलर या स्थलांतरी पक्ष्यांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. सौम्य, जुनाट हिवताप असलेले पक्षी वरकरणी धडधाकट दिसत, घरटी करत, पिल्ले वाढवत, मात्र त्यांचे टेलोमियर अधिक वेगाने आखूड होत, ते तुलनेने लवकर मरत, आणि त्यांच्या पिल्लांचे टेलोमियरही जन्मतःच आखूड असत. त्याच गटाने पुढे परदेशातून हिवताप घेऊन स्वीडनला परतलेल्या प्रवाशांचे रक्त वर्षभर तपासले, तेव्हा आजारानंतरच्या काही महिन्यांत टेलोमियर आखूड झालेले आणि वर्ष सरता सरता पूर्ववत होत आलेले दिसले. उपचाराने पूर्ण बऱ्या होणाऱ्या संसर्गाची झीज भरून निघू शकते, तर शरीरात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या संसर्गाची झीज साचत जाते, असा याचा अर्थ लावता येतो; अर्थात पक्ष्यांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावणे धाडसाचे ठरेल.

हे शास्त्र माणसाच्या अनुभवाला येते ते फार साध्या रूपात. साठी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाला एके दिवशी बरगडीच्या एका बाजूला आग होऊ लागते, सदऱ्याचा नुसता स्पर्शही सोसवत नाही, आणि त्वचेवर पाहावे तर काहीच नसते. उजवीकडे दुखले तर पित्त धरले जाते, डावीकडे दुखले तर हृदय आठवून ईसीजी काढला जातो, कमरेजवळ दुखले तर मुतखड्याची सोनोग्राफी होते, आणि तपासण्या निर्दोष आल्या की वात म्हणून मलम चोळले जाते. दोन-चार दिवसांनी लाल पट्ट्यावर पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस उठतात. तेव्हा कोणी घामोळे म्हणते, कोणी किडा चावला म्हणते, आणि घरातले जाणते माणूस नागीण ओळखते ते नेमके ती उतरवणाऱ्याकडे घेऊन जाण्यासाठी. गेरू किंवा काव लावली जाते, मंत्र घातला जातो, नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले तर माणूस दगावतो असे बजावले जाते. या समजुतीची टिंगल करण्यात अर्थ नाही, कारण तिला अनुभवाचा आधार आहे असे लोकांना मनापासून वाटते: फोड दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांचे आपोआप वाळतात, आणि श्रेय गेरूला जाते. पट्टा शरीराची मध्यरेषा सहसा ओलांडत नाही, कारण प्रत्येक मज्जातंतूची हद्द तेथेच संपते. त्यामुळे तोंड-शेपटी मिळण्याची वेळच येत नाही, आणि उतरवणारा प्रत्येक वेळी यशस्वी ठरतो. क्वचित फोड सर्वांगावर पसरले, तर ते प्रतिकारशक्ती फारच खालावल्याचे चिन्ह असते आणि अशा रुग्णाला तातडीने रुग्णालयात हलवावे लागते.

या सगळ्या धावपळीत खर्ची पडतात ते पहिले तीन दिवस, आणि तेच सर्वांत मोलाचे असतात. असायक्लोविर, व्हॅलासायक्लोविर यांसारखी विषाणुरोधक औषधे विषाणूचे वाढणे थांबवतात, झालेली इजा भरून काढत नाहीत. म्हणून पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत ती सुरू करावी लागतात, आणि वृद्धांत मूत्रपिंडाची क्षमता पाहूनच मात्रा ठरवावी लागते. शेजाऱ्याच्या जुन्या चिठ्ठीवरून गोळ्या आणण्यातला धोका हाच आहे. उशीर झाल्यावरही नवे फोड येतच असतील, तर डॉक्टर औषध देतात. तेव्हा तीन दिवस उलटले म्हणून घरी बसणेही चूकच. कपाळावर, पापणीवर आणि विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले, तर डोळ्याला पुरवठा करणारा मज्जातंतू गुंतल्याची ती खूण समजून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. कानाजवळच्या फोडांबरोबर चेहरा एका बाजूला वाकडा होऊ लागला, तरी तितकीच घाई करावी. फोड गेल्यावरही तीन महिन्यांपलीकडे टिकणारी वेदना ही इजा झालेल्या मज्जातंतूची असते, ती वयाबरोबर अधिक आढळते, आणि तिच्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग बेताचाच होतो. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधे द्यावी लागतात. अशा रुग्णाला मनाचे खेळ म्हणून हिणवणारे नातेवाईक प्रत्येक गावात सापडतात.

प्रतिकारशक्तीच्या नावाने चालणारा बाजार हा स्वतंत्र विषय आहे, पण दोन शब्द येथेच बोलून टाकलेले बरे. आक्रसलेली थायमस ग्रंथी कोणत्याही काढ्याने पूर्ववत झाल्याचा पुरावा नाही, आणि टेलोमियर मोजून वय सांगणाऱ्या तपासण्यांवरून एकेका माणसाच्या उपचारात काहीही ठरवता येत नाही. जे साधता येते ते लसीने. नागिणीविरुद्धची जुनी, जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची लस वय वाढेल तशी निष्प्रभ होत असे, कारण जी प्रतिकारशक्ती जागवायची तीच म्हातारी झालेली असे. नव्या लसीत विषाणूचे एकच प्रथिन असते आणि त्याच्या जोडीला प्रतिकारशक्तीला जोरदार हलवून जागे करणारे सहायक द्रव्य; 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पन्नाशीपुढच्यांत तिची परिणामकारकता 97.2 टक्के दिसली आणि सत्तरीपुढच्यांच्या वेगळ्या चाचणीतही ती नव्वदच्या आसपास राहिली. 2023 पासून ती भारतात मिळते. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा घ्याव्या लागतात, त्या स्वस्त नाहीत, आणि दंड दुखणे, एक-दोन दिवस कणकण येणे हे अपेक्षितच असते. एकदा नागीण होऊन गेलेल्यांनाही, आजार पूर्ण शमल्यावर, ती घेता येते. वेल्समध्ये 2013 साली जन्मतारखेच्या काटेकोर अटीवर जुनी लस दिली गेली होती. त्या आधारे 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस घेतलेल्यांमध्ये पुढील सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी आढळले. त्याचे कारण अद्याप सिद्ध झालेले नाही, म्हणून स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी लस घ्या असे सांगणे आज घाईचे ठरेल. नागीण टाळण्यासाठी ती घेणे मात्र पुरेसे समर्थनीय आहे.

घरात नागिणीचा रुग्ण असताना त्याला वेगळ्या खोलीत कोंडण्याचे कारण नाही, कारण नागीण दुसऱ्याला लागत नाही. फोडांतील पाण्यातून कांजिण्या मात्र लागू शकतात, त्याही ज्याला त्या पूर्वी झालेल्या नाहीत आणि ज्याने लसही घेतलेली नाही अशाला. आजोबांच्या खोलीत गर्भवती सून, तान्हे नातवंड किंवा केमोथेरपी चालू असलेले माणूस ये-जा करत असेल, तर फोड झाकून ठेवणे, टॉवेल आणि पांघरूण वेगळे ठेवणे आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण सात ते दहा दिवस, अशा व्यक्तींना लांब ठेवणे पुरते. गर्भवतीला कांजिण्या झाल्या होत्या की नाही हे कोणालाच आठवत नसेल, आणि संपर्क येऊन गेलेला असेल, तर रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी, कारण त्यापुढचे संरक्षक उपचार मोजक्याच दिवसांच्या आत उपयोगी पडतात.