फोनवर मधेच वाजणारं ‘टुक् टुक्’

प्रश्न : आमच्या घरी अजून लँडलाइन आहे. आई नाशिकच्या मावशीशी बोलत असली की मधेच ‘टुक् टुक्’ असा आवाज येतो. आईला वाटतं, कुणीतरी आपलं बोलणं ऐकतंय. रिसीव्हरखालचा खटका दाबला, तर मावशीचाच फोन कटतो. वर नंतर लोक विचारतात, ‘एवढी रिंग वाजली, उचलला का नाही?’ हा काय प्रकार आहे?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : आधी आईंची काळजी मिटवू. त्या आवाजाचा आणि कुणी बोलणं ऐकण्याचा काही संबंध नाही. तुमच्या लाइनवर कॉल वेटिंगची, म्हणजे बोलणं चालू असताना दुसरा फोन आल्याचं कळवण्याची, सोय चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

घरात येणाऱ्या तांब्याच्या दोन तारा मिळून एकच वाट होते आणि तिच्यावरून एका वेळी एकच बोलणं चालतं. त्यामुळे दुसरा फोन घरापर्यंत पोचतच नाही, एक्स्चेंजमध्येच थांबतो. तुमचा रिसीव्हर उचललेला आहे हे एक्स्चेंजला कळतं, कारण उचलताक्षणी त्या तारांतून वीज वाहू लागते. अशा वेळी घंटा वाजवता येत नाही. म्हणून एक्स्चेंज तुमच्या कानात तो बारीक आवाज सोडतं.

मग समोरच्याला रिंग कशी ऐकू येते? ती तुमच्या घरातली घंटा नसतेच. ती त्याच्या कानात एक्स्चेंज वाजवतं. म्हणून लोकांची तक्रारही खरी आणि तुमचा फोन वाजला नाही हेही खरं.

जुन्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये हे जमत नव्हतं; लाइन गुंतलेली असली की एंगेज टोन, विषय संपला. एक फोन धरून ठेवून दुसरा जोडायला प्रोग्रॅमवर चालणारं एक्स्चेंज लागतं. 1984 साली सुरू झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेने अशी देशी एक्स्चेंज बनवली आणि लहान गावांतही ती पोचली.

आता खटक्याचं. खटका दाबला की तारांतली वीज तुटते आणि ती किती वेळ तुटली यावरून एक्स्चेंज अर्थ लावतं. चकतीच्या फोनवर 5 फिरवला की वीज पाच वेळा झटपट तुटायची. चकतीला कुलूप असलं तरी खटका टपटप वाजवून नंबर लावणारी मुलं अनेक घरांत होती, ती याच जोरावर. तेव्हा खटका निसटता दाबला तर एक्स्चेंजला 1 हा आकडा वाटतो, जास्त वेळ दाबला तर फोन ठेवला असं वाटतं. मावशींचा फोन कटतो तो इथेच. मधला, अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा वेळ बोटाने साधणं अवघड. त्यासाठीच फोनवर ‘फ्लॅश’ किंवा ‘आर’ असं बटण असतं. ते वेळ स्वतः मोजतं.

ते एकदा दाबलं की मावशी थांबतात, दुसरा माणूस बोलू लागतो. पुन्हा दाबलं की मावशी परत. काही ठिकाणी बटणानंतर डायल टोन येतो, मग 2 दाबावा लागतो. थांबलेल्याला चालू बोलणं ऐकू येत नाही. तिघांनी एकत्र बोलायची सोय वेगळी असते. मिनिटांवर पैसे लागत असतील, तर मावशी थांबल्या तो वेळही ज्याने फोन लावला त्याच्याच खात्यात पडतो. उठून दुसऱ्या खोलीतला जोडफोन घेण्यातही अर्थ नाही. तोही त्याच तारांवर असतो.

ब्रॉडबँडला मात्र या आवाजाने धक्का लागत नाही, कारण त्याची वारंवारता आवाजाच्या कितीतरी वर असते. पूर्वीचं डायल-अप इंटरनेट आवाजाच्याच पट्ट्यातून जायचं, त्यामुळे एका ‘टुक्’नेही ते तुटू शकायचं. घरी फायबर आलं असेल तर फ्लॅशचा इशारा आधी मोडेम ओळखतो. बटण चालेना झालं तर पहिल्यांदा मोडेमची सेटिंग तपासून घ्या.

आईंना हे नकोच असेल तर टेलिफोन कार्यालयात सांगून सोय बंद करता येते. पण त्याआधी एकदा मावशींना फोन लावायला सांगा, तुम्ही शेजारी बसून मोबाईलवरून घरचा नंबर फिरवा आणि आईंना ते बटण दोन-तीनदा दाबू द्या.