जीपच्या हुडाच्या खिडक्यांची निगा

शेतावर ये-जा करणाऱ्या कांहीं जीपगाड्यांना कापडी हूड असतो, व त्याच्या खिडक्या कांचेच्या नसून पारदर्शक विनाइलच्या असतात. या खिडक्या धुरकटल्या कीं रात्रीं मागून येणाऱ्या गाडीचा उजेड त्यांवर पसरतो व वळतांना बाजूचें माणूस दिसत नाहीं. म्हणून त्यांच्या निगेविषयीं आम्ही येथें थोडें लिहीत आहों.

विनाइल मूळचें कठीण. त्यांत मिसळलेल्या मृदुकारी द्रव्यामुळें तें लवचीक होतें. ऊन व उष्णता यांनीं तें द्रव्य हळूहळू निघून जातें, आणि खिडकी पिवळी पडून तडकते. शिवाय धुळींतील वाळूचे कण विनाइलहून कठीण असल्यामुळें खिडकी कोरडी पुसणें म्हणजे ती खरवडणेंच होय.

यास्तव प्रथम भरपूर पाणी ओतून धूळ वाहूं द्यावी. नंतर सौम्य साबणाच्या पाण्यांत भिजविलेल्या मऊ सुती फडक्यानें हलकेंच पुसावें, पुन्हां स्वच्छ पाण्यानें धुवावें व ओलावा टिपून घ्यावा. रॉकेल, पेट्रोल, थिनर, स्पिरिट किंवा अमोनियायुक्त द्रव वापरूं नये. फवारणीच्या पुष्कळ औषधांतही विद्रावकें असतात. तेव्हां औषधाच्या हातांनीं खिडकीस शिवूं नये.

खिडकी ओली अथवा मळकी गुंडाळूं नये. घडी तर कधींच घालूं नये. मध्यें मऊ कापड घेऊन ती सैल गुंडाळावी. थंडीच्या पहाटे विनाइल ताठरतें. तें ऊन लागून नरम झाल्यावरच हलवावें. विनाइलसाठींच बनविलेलें, उन्हापासून रक्षण करणारें पॉलिश पावसाळ्यापूर्वीं व नंतर लावावें. परंतु गाडी सावलींत उभी करणें, हाच सर्वांत स्वस्त उपाय होय.