संगणकाची देखभाल : पगारी माणूस की बाहेरचा जाणकार?

भिवंडी-मालेगावच्या कापड व्यापारात १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून बिल आणि विवरणपत्र संगणकावर आले. तो बंद पडला तर दुरुस्त कोणी करावा?

व्यापारी बांधवांनो, हिशेब सोपा आहे. दोन-चार संगणक असतील तर पूर्ण वेळचा पगार परवडत नाही; बाहेरच्या जाणकाराशी वर्षाचा करार करावा. दुकान आणि गोदाम संगणकाने जोडलेले असेल, तासाभराच्या खोळंब्याने माल अडत असेल, तर माणूस आपलाच हवा.

करार तोंडी नको. बोलावल्यावर किती तासांत येणार, सुटे भाग कोणाच्या खर्चाने, हे लिहून घ्यावे. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांनी ११ आणि २० या मुदतीच्या तारखांचा खास उल्लेख करावा.

व्यवस्था कोणतीही असो, पासवर्ड मालकाकडेच असावेत. हिशेबाची नक्कल रोज संध्याकाळी काढून दुकानाबाहेर ठेवावी आणि महिन्यातून एकदा उघडून पाहावी. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपणे कायद्याने बंधनकारक आहे. जाणकार सोडून गेला तरी जबाबदारी आपलीच राहते. तिजोरीची किल्ली आपण परक्या हाती देत नाही. ही किल्लीही तशीच समजावी.