पुसलेली मराठी पुन्हा दिसली

आज मोबाइलवर आपण मराठी सहज वाचतो. पण पंचवीस वर्षांपूर्वी कोणी आपली मराठी वेबसाइट केली असेल, तर ती उघडून पाहा. पुष्कळदा इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतो!

असे का बरे? तेव्हा अक्षरांचा साचा, म्हणजे फॉन्ट, ज्याचा त्याचा वेगळा असे. संगणक आत इंग्रजी अक्षर ठेवी. साचा त्याला मराठी रूप देई. साचा नसला, की मराठी गेली. आता युनिकोड आहे. त्यात प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा असतो. ‘क’ म्हणजे २३२५. जगात कुठेही तोच.

एका गुरुजींनी अशाच वेबसाइटवर गावच्या विहिरींची माहिती लिहिली होती. ती आम्ही नव्याने उभी केली. मदतीला एआय घेतले. आपण साध्या भाषेत काम सांगायचे. संगणकाला लागणाऱ्या सूचना ते लिहून देते. कोणत्या खुणेचे कोणते अक्षर, ते आम्ही सांगितले. पहिली वेलांटी मात्र फार नडली. जुन्या साच्यात ती अक्षराच्या आधी येई, युनिकोडात नंतर येते.

एक खूण यादीत नव्हती. तिथे यंत्राने मनचाच शब्द घातला. ‘पाणी खारे’चे झाले ‘पाणी बरे’! वाक्य कसे ठाकठीक. शंका कोणाला यावी?

गुरुजींची वही घरी होती, म्हणून निभावले. एकाने वही मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं पडद्यावर बोट ठेवायचं. दोन रात्री गेल्या. जुनी पानेही वेगळी जपून ठेवली आहेत.