कॉपी थांबल्यानंतरची शाळा

गरीब वस्तीतील हायस्कूल सुधारायचे तर काम दहावीच्या निकालापासून सुरू करू नये, हा नांदेडने दिलेला धडा आहे. 2010 च्या बोर्ड परीक्षांत तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी नांदेड जिल्ह्यात कॉपीमुक्ती अभियान राबवले. गैरप्रकार रोखणारा कायदा राज्यात 1982 पासून होता. जिल्हा प्रशासन परीक्षा केंद्रांवर उतरले तेव्हा त्याचा अंमल दिसला. निकाल झपाट्याने खाली आला. अनेकांनी ती जिल्ह्याची बदनामी मानली. प्रत्यक्षात शाळांची खरी स्थिती त्या वर्षी प्रथमच कागदावर आली होती, आणि सुधारणा तिथूनच शक्य होती.

कॉपी थांबली की दहावीचे दुखणे नववीत सापडते. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे बरीच वर्षे बंद राहिले. त्यासोबत मूल वर्षभर तपासत राहणे अपेक्षित होते. ते बऱ्याच ठिकाणी नोंदवहीपुरते उरले. परिणामी भागाकार न येणारे, धडा सलग न वाचता येणारे मूल नववीत येऊन बसते आणि त्याच्यासमोर बीजगणित उघडले जाते.

इथे सर्वात मोठा धोका आहे. कच्च्या मुलांना नववीतच दाखला देऊन 17 नंबरचा, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्याचा, फॉर्म भरायला सांगितले की शाळेचा निकाल वाढतो, शाळा मात्र होती तिथेच राहते. म्हणून टक्केवारीऐवजी एकच हिशेब ठेवावा: आठवीत पटावर असलेल्या मुलांपैकी किती जण याच शाळेतून दहावी उत्तीर्ण झाले. हा आकडा लपवता येत नाही.

हा आकडा वाढवण्यासाठी जूनमध्येच नववीच्या प्रत्येक मुलाचे वाचन आणि अंकगणित तोंडी तपासावे. रोजचा एक तास तुकडी मोडून, मुलांच्या पातळीप्रमाणे गट करून शिकवावे. उत्तम शिक्षक दहावीला राखून ठेवण्याची रीत सोडून त्यांना नववी द्यावी. शिक्षकांना हे सहसा आवडत नाही, कारण नववीच्या कामाचे कौतुक होत नाही. ते कौतुक मुख्याध्यापकाने करायला हवे.

शेजारच्या लातूरचा पॅटर्न जसाच्या तसा उचलू नये. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांनी जादा तास आणि पुन्हा पुन्हा सराव परीक्षा यांवर बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरचे नाव नेले. ती मुले दिवसभर अभ्यासाला मोकळी होती. वस्तीतल्या हायस्कूलचा मुलगा संध्याकाळी गॅरेजवर असतो, मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते. त्यांच्यासाठी त्या पॅटर्नमधला एकच भाग घ्यावा: छोटी चाचणी, दुसऱ्या दिवशी तपासलेला पेपर आणि चुकलेले गणित मुलाकडून पुन्हा सोडवून घेणे. हे सारे शाळेच्या वेळेत.

हजेरीचे वेळापत्रकही इथल्या ऋतूंवर चालते. सोयाबीनच्या काढणीला वर्ग रिकामे होतात, दिवाळीनंतर ऊसतोडीची कुटुंबे निघतात. 2016 च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. अशा वर्षी टँकरच्या रांगेत मुलेच उभी असतात. म्हणून पायाभूत उजळणी दिवाळीआधी संपवावी, आणि तोडीला निघणाऱ्या पालकांशी मूल मागे ठेवण्याबद्दल सप्टेंबरातच बोलावे. हंगामी वसतिगृहाची सोय असल्यास तिची माहिती तेव्हाच द्यावी.

आठवीत एनएमएमएस या केंद्रीय शिष्यवृत्तीच्या परीक्षेला पात्र असलेले प्रत्येक मूल बसवावे. निवड झाल्यास बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात, आणि मुलीचे शिक्षण थांबवू पाहणाऱ्या घरात या रकमेला वजन असते.

आज आठवीत आलेली तुकडी दहावीला बसेपर्यंत तीन वर्षे जातात. पहिल्या वर्षी निकाल घसरेल. संस्थाचालकांनी तेवढ्यावरून मुख्याध्यापक बदलू नये आणि परीक्षा केंद्रावर पुन्हा ढिलाई येऊ देऊ नये.