वर्षातून एकदा आगीची उजळणी

वाळवंटात कसला वणवा, असे आपल्याला वाटते. पण सौदीच्या असीर प्रांतात ज्युनिपरची जंगले आहेत, आणि ऑक्टोबर 2020 मध्ये तनूमाचा डोंगर पेटला होता. अमेरिकेत वणवा विझवायला जाणाऱ्या सरकारी जवानांना दरवर्षी उजळणीचा वर्ग करावाच लागतो. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडेही बॅकअप नुसता घेऊन भागत नाही, तो परत चढवून पाहावा लागतो. म्हणून ही पद्धत मला पटली.

पॉल ग्लीसन या अमेरिकन जवानाने 1991 मध्ये चार गोष्टी सांगितल्या: पहारा, संपर्क, सुटकेच्या वाटा, सुरक्षित जागा. त्या आपल्या फ्लॅटलाही लागू पडतात.

पहारा म्हणजे स्मोक अलार्म. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहा. संपर्कासाठी सिव्हिल डिफेन्सचा 998. रियाध, मक्का व पूर्व प्रांतात 911. मुलांना पत्ता सांगता येतो का, तेही विचारा. (बऱ्याच जणांना फक्त कोपऱ्यावरचा बकाला ठाऊक असतो!)

खरी मेहनत वाटांची. रात्री दिवे बंद करून सर्वांनी बेडरूमपासून दारापर्यंत ओणव्याने जायचे, कारण धूर वर साचतो. दाराची किल्ली अंधारात सापडते का? पुढे जिनाच, लिफ्ट नाही. खाली भेटायची जागा आधीच ठरवा. एकदा बाहेर पडल्यावर पासपोर्ट-इकाम्यासाठीसुद्धा परत वर जायचे नाही.

आणि कढईतले तेल पेटले तर पाणी मुळीच ओतू नका. गॅस बंद करून वर झाकण सरकवा आणि कढई गार होईपर्यंत ते उचलू नका.