एका बोअरची पुंगळी दुसऱ्या बोअरला चालते का?

प्रश्न : कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रहालयात जुनी शस्त्रे पाहिली. तेव्हापासून एक शंका आहे. एका मापाच्या रायफलच्या काडतुसाची रिकामी पुंगळी घडवून दुसऱ्या मापासाठी वापरता येते का? पितळ हे सोसते कसे?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : येते, पण दोन्ही पुंगळ्यांचे बूड एकाच मापाचे असेल तरच. पुंगळीची मान आवळता येते, रुंदावता येते, खांदा मागे सरकवता येतो, लांबी कापता येते. बुडाला मात्र हात लावायचा नसतो.

.३०८ आणि .२४३ विंचेस्टर ही जोडी पाहा. दोन्हींचे बूड सुमारे १२ मिलिमीटरचे. पहिलीची गोळी ७.८ मिलिमीटर जाड, दुसरीची ६.२. पोलादी साच्यात दाबून .३०८ ची मान आवळली की .२४३ ची पुंगळी तयार होते. १९५५ साली हे काडतूस बाजारात आले, तेच मुळी .३०८ ची मान आवळून. .३०-०६ ची ६३ मिलिमीटरची पुंगळी ५१ वर आणून तिची .३०८ ही करतात. पण इथे नवी मान पुंगळीच्या खालच्या, जाड भागातून निघते, म्हणून ती कोरून पातळ करावी लागते. नाही केली, तर गोळी सुटताना मानेला फुगायला जागा उरत नाही आणि दाब धोक्याच्या पातळीवर चढतो.

आता पितळाकडे येऊ. काडतुसाच्या पितळात ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. थंड असताना दाबले, ओढले की ते कडक होत जाते आणि शेवटी तडकते. मठारकाम करणारे तांबट भांडे मध्येच भट्टीत ताव देऊन नरम करतात, त्यामागे हेच कारण आहे. पोलाद तापवून पाण्यात बुडवले की कडक होते. पितळ तापवले की मऊच पडते, मग ते पाण्यात निवो वा हवेत. म्हणून पुंगळीच्या फक्त मानेला ताव देतात आणि बूड थंड ठेवतात. .३०८ मध्ये दाब हवेच्या दाबाच्या ४,००० पटींपर्यंत जातो. मान मऊ असली तर फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि मग किंचित आकसून मोकळी होते. बूड मऊ पडले तर तोच वायू नेमबाजाच्या चेहऱ्यावर येतो.

पितळात कोंडलेला ताण किती घातक असतो, हे जगाला कळले ते आपल्याच देशातल्या पावसाळ्यामुळे. ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली असत आणि त्यांच्या पुंगळ्या आपोआप चिरत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी घडवताना आत राहिलेला ताण या तिन्हींचा तो परिणाम होता, हे १९२१ साली उलगडले. बेताची उष्णता देऊन ताण घालवणे, हाच त्यावरचा उपाय ठरला. खडकीच्या १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्याचे आणि वरणगावच्या आयुध निर्माणीचे कामही याच ज्ञानावर उभे आहे. नवी पुंगळीसुद्धा पितळाच्या छोट्या वाटीपासून टप्प्याटप्प्याने ओढत, मध्ये ताव देत बनते.

मान आवळण्याची कल्पनाही जुनी. १८७१ च्या मार्टिनी-हेन्री रायफलचे .४५० चे काडतूस आधीच्या .५७७ स्नायडरवरूनच आले. पुढे हिंदुस्थानातल्या बंडखोरांच्या हाती या रायफली पडल्याने, त्यांना गोळ्या मिळू नयेत म्हणून १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० बोअरच्या शिकारी रायफलींना बंदी केली. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने मग .५०० ची पुंगळी आवळून .४६५ चे काडतूस काढले. त्या काळी संस्थानांतल्या शिकाऱ्यांकडे .४५० सोडून .४६५ आणि .४७० अशी नवी बोअर दिसू लागली, ती या बंदीमुळे.

कोल्हापूरच्या आजच्या नेमबाजांना मात्र याचा उपयोग नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेत्या झाल्या आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्य मिळवले, ते .२२ बोअरवर. त्यात ठिणगी देणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. आघाताने ती कड चेपली की पुंगळी कायमची संपली.

कोणी हा उद्योग घरी करू पाहील, म्हणून स्पष्ट सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही येतात, आणि दारूगोळा बनवायला किंवा त्यात बदल करायला परवाना लागतो. कायदा बाजूला ठेवला, तरी ताव चुकलेली पुंगळी बाहेरून चांगल्या पुंगळीसारखीच दिसते. तिचा दोष बार उडाल्यावरच कळतो, आणि तेव्हा ती डोळ्यांपासून वीतभर अंतरावर असते. त्यामुळे ही विद्या जरूर समजून घ्यावी. हात घालायचा तो परवानाधारक कारखान्यातल्या जाणकारांनीच.